फ्लॉपी चालत नाही, बायोस कसा बदलू?

वाचकाचं पत्र

सर, आमचं डिचोलीला छोटं डीटीपीचं दुकान आहे. काकांचा पेंटियम थ्रीचा जुना संगणक अजून चालू आहे. त्यावर विंडोज ९८, पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्या सॉफ्टवेअरचं लॉक जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टलाच लागतं, त्यामुळे नवीन मशीन घेऊन भागत नाही. आतली १० जीबीची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली म्हणून ८० जीबीची वापरलेली आयडीई, म्हणजे रुंद पट्टी केबलची, डिस्क आणली. ती जोडली की डिस्क शोधतानाच स्क्रीन थिजते, पुढे काहीच होत नाही. मदरबोर्ड इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा आहे, त्याला सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, अवॉर्ड कंपनीचा. मोठ्या डिस्कसाठी नवा बायोस घाला असं कळलं, पण तो फ्लॉपीवरून घालायचा म्हणतात आणि आमची फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडून जमाना झाला. पेन ड्राइव्हवरून बूट करायची सोय सेटअपमध्ये दिसत नाही. चवथीची कामं तोंडावर आहेत, पाठोपाठ नाटकांची हँडबिलं. काय करू?

उत्तर

तुमच्या पत्रात मला पहिल्यांदा दिसली ती टकटक. बायोस राहू दे बाजूला. टकटकणारी डिस्क उद्या सकाळी उठेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आज दुकान बंद करायच्या आत ती काढा, आयडीईवरून यूएसबी करणारं अडॅप्टर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर सगळ्या फाइली उतरवून ठेवा. नुसती पेजमेकरची कामं नेऊ नका, विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डरही न्या. जुन्या मराठी फॉन्टांत प्रत्येकाची मांडणी वेगळी असते. फॉन्ट हरवला की तुमच्या वीस वर्षांच्या पत्रिका उघडतील, पण वाचता येणार नाहीत.

आता तुमचं मशीन का थिजतं ते सांगतो. ते कळलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. त्या काळातला अवॉर्डचा बायोस डिस्कचा आकार सिलिंडरांत मोजतो आणि ती मोजणी १६ बिटांत ठेवतो. १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५,५३५. प्रत्येक सिलिंडरला १६ हेड, प्रत्येक हेडला ६३ सेक्टर आणि सेक्टर ५१२ बाइटचा असा गुणाकार केलात तर उत्तर येतं सुमारे ३३.८ जीबी, म्हणजे बाजारात ज्याला ३२ जीबीची मर्यादा म्हणतात ती. डिस्क त्याहून मोठी निघाली की हिशेब उतू जातो आणि बायोस तिथेच गोल फिरत बसतो. १९९९च्या आसपासपर्यंतच्या पुष्कळ बोर्डांत हा दोष होता आणि पुढच्या बायोसमध्ये तो दुरुस्त झाला. म्हणजे तुम्हाला मिळालेली माहिती खोटी नाही. पण तो एकच उपाय आहे असंही नाही.

तुमची ८० जीबीची डिस्क हातात घ्या आणि वरचं लेबल वाचा. आयडीईची केबल आणि पॉवर यांच्या मध्ये छोट्या पिनांचा एक गट असतो, मास्टर-स्लेव्ह ठरवणारा. लेबलावर त्याची आकृती छापलेली असते. बऱ्याच डिस्कांवर त्याच आकृतीत आणखी एक जागा दाखवलेली असते आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की क्षमता ३२ जीबीपुरती मर्यादित करा. त्या जागी जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारं छोटं टोपण, बसवला की डिस्क बायोसला स्वतःचा आकार ३२ जीबीच सांगते. मशीन थिजत नाही. उरलेले ४८ जीबी वाया जातात हे खरं, पण तुमचं सगळं दुकान आजवर १० जीबीत मावलं आहे. जम्पर सापडला नाही तर मदरबोर्डावरच्या किंवा जुन्या सीडी ड्राइव्हवरच्या एखाद्या निकामी जम्परचं टोपण चालेल, माप बहुधा तेच असतं.

लेबलावर तशी सोय नसेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घ्या, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत असायचं ते, १६ जीबीचं. ते आयडीईच्या ४० पिनांना लावायचं साधं अडॅप्टर मिळतं. त्यावर फारसं काही नसतं, कारण हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं. बायोसला ती एक लहानशी हार्ड डिस्क वाटते, ३२ जीबीचा प्रश्नच उद्भवत नाही आणि आत फिरणारं काही नसल्याने टकटकही नाही. विंडोजची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की ते वापरतं ती फाइल, अशा कार्डावर सारखं लिहीत राहते, म्हणून मशीनमध्ये रॅम १२८ एमबीची असेल तर २५६ करून घ्या. नवी डिस्क असो की कार्ड, जुन्यावरून सगळं जसंच्या तसं उचलायचं तर ते याच मशीनवर, एक मास्टर एक स्लेव्ह लावून, घोस्टसारख्या डॉसवरच्या प्रोग्रॅमने करा.

मी तुमच्या जागी असतो तर चवथीच्या तोंडावर यांपैकी एक करून मोकळा झालो असतो. सुंठीवाचून खोकला जात असेल तर सुंठ उगाळायची कशाला? बायोस हा उगाच हात लावायचा भागच नव्हे. नवी आवृत्ती आली म्हणून घालायची ही मोबाइलची सवय इथे चालत नाही. ठरावीक दोष आहे, तो नव्या बायोसने जातो असं बनवणाऱ्यानेच लिहून दिलं आहे आणि दुसरा मार्ग नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच.

पण तुम्ही विचारलं आहे बायोसबद्दल. जम्परवाली डिस्क किंवा कार्ड मिळालं नाही तर तुम्हाला तिकडे वळावंच लागेल. म्हणून तेही नीट सांगतो.

फ्लॉपी नाही म्हणून नवा बायोस घालता येत नाही हा समज खरा नाही. फ्लॉपी ही फक्त फाइल नेण्याची पिशवी होती. लागतं ते शुद्ध डॉस, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी जुनी यंत्रणा, म्हणजे विंडोजच्या आत उघडणारी काळी खिडकी नव्हे, आणि मेमरी मॅनेजर न चढवलेलं डॉस. तुमच्याकडे विंडोज ९८ आहे, म्हणजे ते घरातच आहे. सी ड्राइव्हवर बायोस नावाचं फोल्डर करा, त्यात अवॉर्डचा फ्लॅश प्रोग्रॅम, म्हणजे चिपवर नवा बायोस लिहिणारा, आणि नव्या बायोसची बिन फाइल ठेवा. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आतलं करा, लांब नाव डॉसला कळत नाही. मशीन सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि येणाऱ्या यादीतून सेफ मोडची फक्त कमांड प्रॉम्प्ट निवडा. साधी कमांड प्रॉम्प्ट घेतलीत तर कॉन्फिगमधलं सगळं मेमरीत चढतं आणि फ्लॅश प्रोग्रॅम कुरकुरतो. तिथून फोल्डरमध्ये जाऊन प्रोग्रॅम चालवायचा, बस. फ्लॉपीचा संबंध आलाच नाही. ज्यांच्याकडे एक्सपी आहे त्यांना मात्र हा रस्ता नाही. एक्सपीच्या खाली डॉस नसतं आणि एनटीएफएसची डिस्क डॉसला दिसत नाही.

जुन्या डिस्कवर भरवसा नसेल तर सीडी. ४४०बीएक्सचे बहुतेक बोर्ड सीडीवरून बूट होतात. १९९५मध्ये ठरलेल्या एल टोरिटो या पद्धतीत सीडीच्या सुरुवातीला १.४४ एमबीच्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवता येते आणि बोर्ड तिलाच ए ड्राइव्ह समजतो. विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीची किंवा फ्रीडॉसची इमेज घ्या, विनइमेजसारख्या प्रोग्रॅमने त्यातलं अनावश्यक काढून फ्लॅश प्रोग्रॅम आणि बिन फाइल आत टाका. तुमच्या बोर्डाचा बायोस बहुतेक २५६ केबीचा असेल, तेव्हा जागेची अडचण नाही. मग इमेजबर्नमध्ये बूटेबल सीडी, प्रकार १.४४ची डिस्केट असं निवडून लिहा. सीडी-आरच घ्या आणि कमी वेगाने लिहा. रीरायटेबल सीडी पुष्कळ जुन्या ड्राइव्हना वाचता येत नाहीत. या रस्त्याची एक खोड म्हणजे हा ए ड्राइव्ह वाचण्यापुरताच असतो. जुन्या बायोसची प्रत तिथे ठेवता येत नाही, ती सी ड्राइव्हवर ठेवावी लागते.

पेन ड्राइव्हचा नाद सोडा. रुफससारख्या प्रोग्रॅमने फ्रीडॉसची पेन ड्राइव्ह दोन मिनिटांत होते आणि पुढच्या काळातल्या बोर्डांवर ती चालतेही. तुमच्या पिढीच्या बोर्डाला मात्र यूएसबीवरून उठता येत नाही, सेटअपमध्ये नाही म्हणजे नाही. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्हही त्याच कारणाने बाद. विंडोजमधून बायोस बदलणारे प्रोग्रॅम असतात, पण विंडोज ९८ अर्ध्यावरच लटकणार नाही याची हमी मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

एवढं सांगून झाल्यावर खरी गोष्ट. बोर्डाच्या दृष्टीने फ्लॉपी ड्राइव्ह हे नुसतं आत यायचं दार नाही, संकटात बाहेर पडायचं मागचं दारही तेच आहे. अवॉर्डच्या बायोसमध्ये बूट ब्लॉक नावाचा एक छोटा भाग असतो आणि फ्लॅश करताना तो सहसा पुसत नाहीत. बाकीचा बायोस अर्धवट लिहिला गेला तर हा भाग जागा होतो, चेकसम, म्हणजे मजकूर पुरा आहे का ते ताडायची बेरीज, चुकल्याचं सांगतो आणि ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी शोधू लागतो. काही बोर्डांवर तो निरोपही दिसत नाही, कारण एवढ्याशा भागाला जुनं आयएसए डिस्प्ले कार्डच ओळखता येतं. तुम्हाला ऐकू येतो तो फक्त फ्लॉपीचा घर्र आवाज. त्या फ्लॉपीत डॉस, फ्लॅश प्रोग्रॅम, बिन फाइल आणि ते आपोआप चालवणारी ऑटोएक्झेक असेल तर बोर्ड वाचतो. बूट ब्लॉकला हार्ड डिस्क कळत नाही, सीडी कळत नाही. म्हणून सीडीवरून फ्लॅश करता येतं हे ऐकून कोणी ड्राइव्ह काढूनच टाकली असेल तर त्याने आत जाऊन मागचं दार लावून घेतलं आहे.

तेव्हा बायोसला हात लावायचाच तर आधी फ्लॉपीचं बघा. ड्राइव्ह खरंच मेली आहे का ते आधी तपासा. सेटअपमध्ये ए ड्राइव्हपुढे काहीच नाही असं तर लिहिलेलं नाही ना? मशीन चालू केल्यावर ड्राइव्हचा दिवा सतत जळतच राहिला तर पट्टी केबल उलटी लागली आहे, दुसरं काही नाही. केबलच्या एका टोकाजवळ काही तारा पिळलेल्या असतात, ते टोक ए ड्राइव्हला लागतं. हे सगळं बरोबर असूनही वाचत नसेल तर बहुधा हेड घाण झालं आहे. आपल्याकडच्या पावसाने ठेवणीतल्या फ्लॉप्यांना बुरशी धरते. पत्र्याची झडप सरकवा आणि आतली तपकिरी चकती उजेडात तिरकी धरून बघा. दुधी ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती फ्लॉपी चुकूनही ड्राइव्हमध्ये घालू नका, ती हेड खराब करते आणि मग ते हेड पुढची चांगली फ्लॉपीही खरवडतं. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११च्या मार्चमध्ये थांबवली, तेव्हा आज कपाटात सापडणारी कुठलीही फ्लॉपी निदान तेवढ्या पावसाळ्यांची साक्षीदार आहे असं धरून चला.

माझा कल तुम्ही गोटेक घ्यावी याकडे आहे. ही फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकाराची, त्याच ३४ पिनांच्या केबलला आणि त्याच छोट्या पॉवरला लागणारी पेटी असते. पुढे फ्लॉपीच्या फटीऐवजी यूएसबीचं तोंड असतं. पेन ड्राइव्हवर फ्लॉपीच्या इमेजा ठेवायच्या, बटणाने क्रमांक निवडायचा. बोर्डाला आपण फसवले जातोय हे कळतच नाही, त्याच्या लेखी ती खरीखुरी फ्लॉपी आहे. म्हणून बूट ब्लॉकलाही ती चालते आणि हाच तिचा यूएसबी ड्राइव्हपेक्षा मोठा फायदा. जुने कीबोर्ड वाजवणारे वादक यांवरच गाणी ठेवतात, तेव्हा लग्नात वाजवणाऱ्या एखाद्या बँडमधल्या ओळखीच्याला विचारलंत तर पाहायलाही मिळेल. घेताना १.४४ एमबीचीच घ्या, ७२० केबीचीही विकतात.

मग फाइलची ओळख. इथे घाई केली की आगीतून फुफाट्यात. मशीन सुरू होताच मेमरी मोजत असताना पॉज दाबा आणि स्क्रीनच्या तळाशी डावीकडची ओळ मोबाइलने टिपा. तारीख, मग चिपसेट, मग एक सांकेतिक क्रमांक असं त्यात असतं. ४४०बीएक्स असेल तर तो क्रमांक २ए६९के या पाच अक्षरांनी सुरू होईल. पुढची दोन अक्षरं बोर्ड कोणी बनवला ते सांगतात आणि त्यापुढची मॉडेल. बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव आणि रिव्हिजनचा आकडाही वाचा, तो बहुधा पीसीआयच्या खाचांमध्ये किंवा कडेला असतो. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना दोन वेगळे बायोस लागू शकतात. फ्लॅश प्रोग्रॅमला तुमचा बोर्ड आणि फाइल यांचे क्रमांक जुळले नाहीत तर तो तसं स्पष्ट सांगतो. तो इशारा दिसला की एन दाबून बाहेर या. चालून जाईल असं सांगणारा कोणी शेजारी उभा असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

लाइटचं काय करायचं हे तुम्हा गोव्यातल्यांना मी सांगायला नको. लिहिण्याचं काम फार तर मिनिटभराचं असतं आणि पावसाळ्यात लाइट नेमकी तेवढ्यातच जाते. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत ढेपाळते. आदल्या दिवशी यूपीएसला ६० वॅटचा साधा बल्ब लावा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं बघा. बल्ब मिणमिणला तर आधी बॅटरी. प्रिंटर आणि मोठा मॉनिटर यूपीएसवरून काढता आले तर काढा.

प्रत्यक्ष काम याच्यापुढे थोडंच आहे. सेटअपच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, मग मूळ सेटिंग भरा. सेटअपमध्ये किंवा बोर्डावर जम्परच्या रूपाने फ्लॅशला कुलूप असेल तर ते उघडा. १९९९च्या २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने कितीतरी मशीनचे बायोस पुसले होते, तशा उपद्रवाला हे कुलूप आडवं येतं. प्रोग्रॅम चालवल्यावर तो नव्या फाइलचं नाव विचारेल. मग जुना बायोस जपून ठेवू का विचारेल, तिथे वाय म्हणा आणि वेगळं नाव द्या. ही जुनी प्रत म्हणजे तुमचा विमा. त्यानंतर शेवटची खात्री विचारून तो लिहायला लागतो, स्क्रीनवर छोटे चौकोन भरत जातात आणि कुठला रंग म्हणजे लिहिलं गेलं, कुठला म्हणजे चुकलं हे खालीच दिलेलं असतं.

एखादा चौकोन चुकीचा निघाला तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: मशीन बंद करू नका, रीसेटही नको. चालू मशीन बायोसची मेमरीतली प्रत वापरत असतं, म्हणून चिप बिघडली तरी पडद्यावरचं डॉस जिवंत असतं. एफ१०ने बाहेर या आणि जपून ठेवलेली जुनी प्रत त्याच प्रोग्रॅमने परत लिहा. घाबरून बटण दाबणाऱ्यांचेच बोर्ड जास्त मरतात.

सगळं नीट झालं तर मशीन बंद करा, वायर काढा, क्लिअर सीमॉसचा, म्हणजे जुन्या सेटिंग पुसायचा, जम्पर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षणभर लावा, मग सेटअपमध्ये तारीख आणि सेटिंग पुन्हा भरा. हाताशी असताना सीआर२०३२चा सेलही बदलून टाका. सेल काढला की बायोस उडतो असं तुमच्या काकांना कोणी सांगितलं असेल, कारण हे पुष्कळजण सांगतात, तर तसं काही होत नाही. उडतात त्या सेटिंग आणि घड्याळ. बायोस वेगळ्या चिपमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही.

आणि तरीही बिघडलंच, फ्लॉपीनेही जाग आली नाही, तर चिप. ४४०बीएक्सच्या पुष्कळ बोर्डांवर ती ३२ पायांची असते आणि सॉकेटमध्ये बसवलेली, म्हणजे डाग न तापवता निघते. तिची खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. टीएल८६६सारख्या प्रोग्रॅमरवर, म्हणजे चिपवर लिहिणाऱ्या यंत्रावर, ती परत लिहिता येते. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं ओळखीचं कोणी असेल तर आधी तिथे विचारा, मग बाजारात.

जम्परचं काम आजच करून बघा. नाहीच जमलं तर तळाच्या ओळीचा फोटो आणि बोर्डाचं रिव्हिजन पाठवा. तुम्ही उतरवलेली बिन फाइल त्याच बोर्डाची आहे की नाही, ते बघून कळवतो. तोवर फ्लॅश प्रोग्रॅम चालवू नका.